केरीसाहेब आणि कुंभ्याचे झाड

मराठी व्याकरण (१८०५) व मराठी नवा करार (१८११) छापणारे डॉ. विल्यम केरी आम्हा सर्वांस परिचित आहेत. वनस्पतिशास्त्रावरील त्यांची सेवा मात्र थोड्यांसच ठाऊक असते. १८१२ च्या आगीत बंगालमधील सेरामपूरच्या त्यांच्या छापखान्याची फार हानी झाली. तरी १८१४ मध्ये त्यांनी आपले मित्र डॉ. रॉक्सबर्ग यांची कलकत्त्याच्या बागेतील वनस्पतींची यादी छापली. पुढल्याच वर्षी रॉक्सबर्ग वारले. हिंदुस्थानच्या वनस्पतींवरील त्यांचा मोठा ग्रंथ हस्तलिखितच राहिला. केरीसाहेबांनी तो १८२० पासून छापावयास घेतला व १८३२ मध्ये, स्वतःच्या मृत्यूपूर्वी दोनच वर्षे, पूर्ण केला. ग्रंथकार म्हणून नाव मित्राचेच ठेवले. रॉक्सबर्गांनी कुंभ्याच्या झाडाला केरींच्या नावावरून शास्त्रीय नाव दिले होते. कुंभा महाराष्ट्रात आहे, तसाच आम्हा करोंदकरांच्या मध्य प्रदेशातही आहे. संडे स्कूलच्या मुलांना ते झाड अवश्य दाखवावे.