डेनिस रिची : संगणकाच्या कुलूप-किल्लीचा विचार करणारा माणूस

शाळेच्या ऑफिसात जनरल रजिस्टर असतं. ते तुम्ही पाहिलं असेल, पण त्यात लिहायची परवानगी तुम्हाला नसते. मग तुमच्या नावातली चूक दुरुस्त कशी होते? संगणकापुढे असाच प्रश्न आला, तेव्हा त्याचं उत्तर डेनिस रिची यांनी शोधलं.

रिची यांचा जन्म 9 सप्टेंबर 1941 रोजी अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात झाला. वडील बेल लॅब्स या संशोधन संस्थेत काम करत. हार्वर्ड विद्यापीठात शिकून 1967 मध्ये डेनिसही तिथेच रुजू झाले. 1969 पासून केन थॉम्पसन आणि त्यांनी मिळून युनिक्स ही संगणक प्रणाली उभी केली. पुढे रिची यांनी सी ही भाषा तयार केली आणि 1973 मध्ये युनिक्स तिच्यात नव्याने लिहिलं गेलं.

तेव्हा एकच संगणक अनेकजण वापरत. म्हणून कुणी काय करायचं हे ठरवावं लागे. आजही युनिक्समध्ये प्रत्येक फाइलला तीन प्रकारची माणसं असतात: मालक, गट आणि इतर. वाचण्याचा आकडा 4, लिहिण्याचा 2, चालवण्याचा 1. समजा, गुणांची फाइल आहे. सीएचमॉड 640 असा आदेश टाइप करून पुढे फाइलचं नाव दिलं, की मालक वाचेल व लिहील (4+2), गट फक्त वाचेल, इतरांना काहीच नाही. फोल्डरसाठी मात्र 1 म्हणजे आत जायची परवानगी. 777 दिलं तर सगळ्यांना सगळंच मोकळं! कंटाळा करून कधी असं करू नका.

आता खरी अडचण बघा. पासवर्डच्या फाइलमध्ये लिहायचा हक्क फक्त मुख्य व्यवस्थापकाला. पण आपला पासवर्ड तर प्रत्येकालाच बदलायचा असतो ना! रिची यांनी सेटयूआयडी नावाची एक खूण काढली. ती खूण असलेला प्रोग्राम कुणीही चालवला, तरी तो त्या प्रोग्रामच्या मालकाच्या हक्काने चालतो. म्हणजे कपाटाची किल्ली तुमच्या हाती येत नाही, पण तुमचं तेवढं काम होतं. मात्र असा प्रोग्राम चुकीचा लिहिला, तर सगळं कपाटच उघडं पडतं. म्हणून ही खूण फार जपून द्यायची असते.

या युक्तीचं पेटंट 1979 मध्ये मिळालं आणि ते सर्वांसाठी खुलं करण्यात आलं. 1983 मध्ये रिची व थॉम्पसन यांना संगणकशास्त्रातला मानाचा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

ऑक्टोबर 2011 मध्ये, वयाच्या 70 व्या वर्षी रिची गेले. त्याच महिन्यात स्टीव्ह जॉब्सही वारले, त्यामुळे रिचींच्या जाण्याची फारशी चर्चा झाली नाही. पण तुमच्या घरातल्या मोबाइलमध्येही त्यांच्या विचारांचा अंश आहे.

मुलांनो, सगळ्यांवर संशय घ्यायचा नाही आणि सगळ्यांना सगळं उघडंही ठेवायचं नाही. ज्याला जेवढं लागतं, तेवढंच द्यायचं. रिचींच्या कामातून एवढं तरी नक्की शिकूया.