गीतकार ग. दि. माडगूळकर

आपल्या भिसेगांवाशेजारच्या कर्जत स्टेशनांत घाट चढणाऱ्या अनेक गाड्यांस मागून जादा इंजिनें जोडतात. तें पाहतांना मामाच्या गांवीं नेणाऱ्या आगगाडीचें गाणें ज्यास आठवत नाहीं, असा मराठी मुलगा विरळाच. परंतु तें गाणें रचणारा कवि मॅट्रिकच्या परीक्षेंत अनुत्तीर्ण झाला होता, हें पुष्कळांस ठाऊक नसेल.

गजानन दिगंबर माडगूळकर ह्यांचा जन्म ता. १ ऑक्टोबर १९१९ रोजीं शेटफळे येथें झाला. माणदेश हा मुलूख दुष्काळी, आणि घरची स्थिति गरिबीची. आटपाडी, कुंडल व औंध येथें त्यांचें शिक्षण झालें; परंतु मॅट्रिकला यश न आल्यामुळें पोटासाठीं बाहेर पडणें भाग पडलें. तथापि जात्यावरच्या ओव्या, देवळांतील भजनें, शाहिरांचे पोवाडे हें खेड्यांतील धन त्यांच्याजवळ होतें, आणि पुढें तेंच उपयोगीं आलें.

सन १९३८ त कोल्हापुरीं मास्टर विनायक ह्यांच्या 'ब्रह्मचारी' चित्रपटांत त्यांस किरकोळ काम मिळालें. तेथें वि. स. खांडेकर ह्यांचे लेखनिक म्हणूनही त्यांनीं काम केलें. सन १९४२ त 'भक्त दामाजी' व 'पहिला पाळणा' ह्या चित्रपटांचीं गीतें लिहिण्याची संधि आली. १९४४ त 'युद्धाच्या सावल्या' हें नाटक झालें. आणि १९४७ च्या 'लोकशाहीर रामजोशी' नें त्यांचें नांव सर्वतोमुखीं झालें.

चित्रपटाचें गीत मागणीबरहुकूम लिहावें लागतें. प्रसंग दुसऱ्याचा, पात्र दुसऱ्याचें, कित्येकदां चालही अगोदर ठरलेली. कवीस कधीं शेतकरी, कधीं संत, कधीं तमाशांतील नर्तकी, तर कधीं बालक व्हावें लागतें. 'सांगत्ये ऐका' (१९५९) मधील लावण्या आणि रामकथेचीं गीतें एकाच लेखणींतून उतरलीं, ह्यांतच त्यांचें सामर्थ्य दिसतें.

सन १९५५ च्या रामनवमीस, ता. १ एप्रिल रोजीं, पुणें आकाशवाणीवरून 'गीतरामायण' सुरू झालें. दर आठवड्यास एक नवें गीत, असा वर्षाचा नेम होता. त्या वर्षीं अधिक मास आल्यामुळें गीतें ५६ झालीं. सुधीर फडके ह्यांनीं त्यांस चाली दिल्या. आरंभींचें गीत ऐन वेळीं गहाळ झालें आणि कवीनें तें बसल्या बैठकीस पुन्हां लिहून दिलें, असें सांगतात. वर्षभर हा नेम चुकला नाहीं.

बालपणींच्या औंध संस्थानासही ते विसरले नाहींत. तेथें स्वतंत्रपूर येथें कैद्यांस भिंतींवांचून, विश्वासावर ठेवण्याचा प्रयोग झाला होता. त्यावरूनच त्यांनीं 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) ह्या चित्रपटाची कथा रचिली.

सन १९६९ त 'पद्मश्री' व १९७३ त यवतमाळच्या साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद त्यांस लाभलें. ता. १४ डिसेंबर १९७७ रोजीं पुण्यास त्यांचें देहावसान झालें.

परीक्षेंतील अपयश हें भूषण नव्हे, आणि माडगूळकरांनींही तें भूषण मानून स्वस्थ बसणें पत्करलें नाहीं. पडेल तें काम करीत त्यांनीं आपली भाषा घासूनपुसून लख्ख ठेविली. निकालाच्या दिवशीं ज्यांच्या घरीं मुलगा खालीं मान घालून येईल, त्या पालकांनीं हें चरित्र त्यास अवश्य वाचून दाखवावें.