शेतकऱ्यांचे कैवारी सर छोटूराम

पंजाबच्या शेतकऱ्यास सावकारी पाशातून सोडविण्यासाठी ज्यांनी विधिमंडळात आपले आयुष्य वेचले, त्या कै. सर छोटूराम यांचे अल्पचरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

त्यांचा जन्म २४ नोव्हेंबर १८८१ रोजी रोहतक जिल्ह्यातील गढी सांपला या खेड्यात एका गरीब जाट कुटुंबात झाला. मुलाच्या शिक्षणासाठी कर्ज मागावयास वडील गेले असता सावकाराने त्यांस पंखा ओढावयास लाविले, अशी कथा सांगतात. तो अपमान छोटूराम जन्मभर विसरले नाहीत. शेठ छाजूराम यांच्या उदार साहाय्याने ते १९०५ साली दिल्लीस पदवीधर झाले व पुढे वकिली करू लागले.

प्रथम ते रोहतक जिल्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते. परंतु असहकारिता न पटल्याने १९२० साली ते बाहेर पडले. १९२३ साली सर फझली हुसेन यांच्यासह त्यांनी युनियनिस्ट पक्ष उभारला. त्यात हिंदू, मुसलमान व शीख एकत्र बसत. नांगर धरणाऱ्याचा धर्म तेथे आड येत नसे.

१९३४ च्या ऋणनिवारण कायद्यामागे त्यांचे परिश्रम होते. मुद्दलाच्या दुपटीहून अधिक वसुली नाही, हे आपल्या धर्मशास्त्रातील दामदुपटीचे तत्त्व त्याने पंजाबात लागू झाले. १९३७ साली ते मंत्री झाले. पुढच्याच वर्षी, १९०१ पूर्वी गहाण पडलेल्या जमिनी मूळ मालकांस परत देणारा कायदा झाला, तर १९३९ साली बाजारसमित्यांचा. शेतकऱ्यांनी या कायद्यांस सोनेरी म्हटले, व्यापाऱ्यांनी काळे.

त्यांच्या कार्यास मर्यादाही होत्या. महायुद्धात त्यांनी इंग्रज सरकारला साथ दिली, म्हणून राष्ट्रीय वृत्तीच्या लोकांनी त्यांस दोष दिला. तसेच, ज्या जमीन-हस्तांतर कायद्याचे ते पुरस्कर्ते होते, त्याने शेतकरी म्हणून नोंद नसलेल्या जातींच्या भूमिहीनांस शेतजमीन विकत घेण्याची वाट बंदच ठेविली होती.

भाक्रा धरणासाठीही ते अखेरपर्यंत झटले. ते १९६३ साली राष्ट्रास अर्पण झाले. ९ जानेवारी १९४५ रोजी लाहोर येथे त्यांचे देहावसान झाले. त्यानंतर अडीच वर्षांतच पंजाब धर्माच्या नावाने दुभंगला. ज्यांची शेते एकाच पाटाच्या पाण्यावर भिजत होती, ते एकमेकांचे वैरी झाले. छोटूरामांनी बांधलेली एकी किती मोलाची होती, हे ती तुटल्यावरच कळले, असे आम्हांस वाटते.