येवल्याची अंबिका

येवले म्हटले की कोणालाही पैठणी आठवते. फार तर तात्या टोपे. ओझरहून निफाड, विंचूर करीत गेले की लागणाऱ्या या गावी १८ एप्रिल १९१६ रोजी आणखी एक व्यक्ती जन्मली. तिची आठवण मात्र आपण निराळ्याच प्रसंगी काढतो. एखाद्या सासूने आवाज चढविला की शेजारणी तिला ललिता पवार म्हणून मोकळ्या होतात. आमच्या गल्लीत तर हे नाव म्हणजे जवळजवळ शिवीच! या शिवीमागची बाई कोण, हे कुतूहल मला वाटू लागले ते २०२० साली, टाळेबंदीत दूरदर्शनवर ‘रामायण’ पुन्हा लागले तेव्हा. मंथरा दिसली की आमची आजी बोटे मोडी, पण नजर काही पडद्यावरून हलवीत नसे.

अंबिका सगुण हे त्यांचे मूळ नाव. वडील लक्ष्मणराव रेशमी व सुती कापडाचे व्यापारी. १९२८ च्या ‘राजा हरिश्चंद्र’ या मूकपटात ही मुलगी प्रथम दिसली आणि पुढे चक्क नायिका झाली. ‘हिम्मत-ए-मर्दा’ (१९३५) निघाला तेव्हा त्या अठरा-एकोणीस वर्षांच्या, म्हणजे माझ्याच वयाच्या होत्या. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली, तर तेवढ्यानेच मला धाप लागते. त्यांनी मात्र विशी ओलांडताच, १९३७ साली, टॉलस्टॉयच्या कादंबरीवर ‘दुनिया क्या है’ हा बोलपट स्वतः निर्माण केला!

आणि मग १९४२ साल उजाडले. ‘जंग-ए-आझादी’चे चित्रण चालू होते. दृश्यात मास्टर भगवान यांनी त्यांच्या थोबाडीत मारायची होती. फटका खरोखरीच जोराचा बसला. चेहऱ्याला लकवा आला, डाव्या डोळ्याची शीर फुटली. दीर्घकाळ उपचार झाले, पण तो डोळा कायमचा बारीक राहिला. वय अवघे सव्वीस, आणि नायिकेचे दिवस संपले.

दुसरी एखादी घरी बसली असती. ललिताबाई ‘प्रभात’च्या ‘रामशास्त्री’त (१९४४) आनंदीबाई झाल्या. ‘ध’चा ‘मा’ करणाऱ्या त्या बाईला तो अर्धमिटला डोळा असा काही शोभला की व्यंगाचेच भांडवल झाले. ‘दहेज’ (१९५०) मधली सासू पाहून कितीक सुनांच्या अंगावर काटा आला असेल. ‘दाग’मध्ये (१९५२) त्या दिलीपकुमारांच्या आई झाल्या. जरा हिशेब करून पाहा: हा मुलगा आईपेक्षा फक्त सहा वर्षांनी लहान! नायक पन्नाशीतही बागेत गाणी म्हणू शकतो, नटीला मात्र छत्तिसाव्या वर्षी केस पांढरे करावे लागतात. हा न्याय मला अजून उमगलेला नाही.

पण त्या केवळ खाष्ट नव्हत्या, हे आपण सोयीस्कर विसरतो. ‘श्री ४२०’मधली केळीवाली गंगामाई आठवा. ‘अनाडी’तील (१९५९) मिसेस डिसा तर माझ्या मते त्यांची सर्वोत्तम भूमिका. भाडेकरू राज कपूरवर डाफरायचे आणि चोरून त्याच्यासाठी झिजायचे! सदोष औषधाने ती मरते तेव्हा थिएटरातल्या साऱ्या सासवासुनांनी बरोबरीने डोळे पुसले असतील. या भूमिकेस फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. १९६१ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार लाभला. त्याच वर्षी ‘संपूर्ण रामायण’मध्ये त्या प्रथम मंथरा झाल्या. ‘आनंद’मधील (१९७१) कडक मेट्रनही त्यांचीच. दूरदर्शनवरची मंथरा १९८७ मधली. तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती.

अखेरची वर्षे पुण्यात औंधला गेली. तोंडाचा कर्करोग जडला होता. २४ फेब्रुवारी १९९८ रोजी त्या राहत्या घरी वारल्या. पती त्या वेळी रुग्णालयात होते, घरात दुसरे कोणी नव्हते. ही वार्ता बाहेर कळायला दोन दिवस लागले.