ज्या मंडईला जोतीराव फुल्यांनी विरोध केला, तिलाच पुढं त्यांचं नाव दिलं गेलं

कन्हान-पिपरीसारखी छोटी नगरपरिषद असो की पुण्याची महापालिका, निवडणूक न लढवता सभागृहात बसणारे काही जण सगळीकडं असतात. त्यांना स्वीकृत नगरसेवक म्हणतात. पक्षातल्या नाराजांची सोय लावायची जागा, अशी या पदाची ख्याती झालीय.

महात्मा जोतीराव फुलेसुद्धा निवडून न येता पुण्याच्या नगरपालिकेत बसले होते. त्यांची मुलींची शाळा सगळ्यांना माहितीय. पालिकेतल्या सहा वर्षांबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही.

साल होतं १८७६. तेव्हा पालिकेचे सभासद सरकार नेमायचं. शाळा काढून २८ वर्षं झाली होती, सत्यशोधक समाजाला ३ वर्षं. शिवाय जोतीराव कंत्राटदार होते. खडकवासल्याच्या धरणाला त्यांनी बांधकामाचं साहित्य पुरवलं होतं. त्यामुळं सार्वजनिक कामात पैसा कुठं जातो, हे या माणसाला कुणी शिकवायची गरज नव्हती.

पुढच्याच वर्षी दुष्काळ पडला. सत्यशोधकांनी धनकवडीला अन्नछत्र उघडलं आणि उपाशी पोरांना जेवू घातलं. हे काम पालिकेचं नव्हतं, पण सभागृहात बसताना जोतीरावांच्या डोळ्यासमोर कोण होतं ते यावरून कळतं.

अशात व्हाईसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला येणार म्हणून शहर सजवायचं ठरलं. खर्च एक हजार रुपये. जोतीरावांचं म्हणणं साधं होतं, हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करा. ठराव मताला आला. ३२ सभासदांमध्ये विरोधात मत पडलं फक्त एक, जोतीरावांचं. ज्या सरकारनं नेमलं, त्याच सरकारच्या पाहुण्याच्या स्वागताला नाही म्हणायचं, याला जिगर लागते भिडू.

१८८० मध्ये त्यांनी दारूचा विषय काढला. शहरात दुकानं वाढत चालली होती. पालिका एकीकडं लोकांच्या आरोग्यावर पैसा खर्च करते, मग आरोग्याची वाट लावणारी दुकानं शांतपणे कशी बघत बसते, असा त्यांचा मुद्दा होता. अडचण अशी की परवाने सरकारच्या हातात आणि सरकारला दारूतून महसूल मिळायचा.

मग आली मंडई. तोवर पुण्याची भाजी शनिवारवाड्यासमोर उघड्यावर विकली जायची. पालिकेनं मोठी दगडी इमारत बांधायची ठरवलं. जोतीराव आणि त्यांचे सहकारी हरी रावजी चिपळूणकर यांनी विरोध केला. कारण पुन्हा तेच, एवढा पैसा शिक्षणाला द्या. आता त्या मंडईचा पुणेकरांना उपयोग झाला नाही असं कुणीच म्हणणार नाही. पण शाळांना पैसा नाही आणि इमारतीला आहे, हे त्यांना पटणारं नव्हतं.

१८८२ ला शिक्षणाची चौकशी करणारा हंटर आयोग आला. जोतीरावांनी निवेदन दिलं. १२ वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही त्यातली मागणी प्रसिद्ध आहे. पण त्यात पालिकांबद्दलही एक मुद्दा होता. मोठ्या शहरांतल्या पालिकांनी आपल्या हद्दीतल्या प्राथमिक शाळांचा खर्च उचलावा, मात्र शाळांचा कारभार पूर्णपणे त्यांच्या हातात देऊ नये. सहा वर्षं आत बसून कारभार बघितलेला माणूस हे सांगत होता.

त्याच वर्षी त्यांची पालिकेतली कारकीर्द संपली. मंडई १८८६ मध्ये उघडली आणि गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावानं रे मार्केट झाली. जोतीराव २८ नोव्हेंबर १८९० ला गेले. पुढं आचार्य अत्रे पुण्याच्या नगरपालिकेत असताना रे साहेबांचं नाव उतरवलं गेलं आणि तिथं महात्मा फुले मंडई अशी पाटी लागली.