जोसेफ व्हिटवर्थ

सर जोसेफ व्हिटवर्थ (जन्म : २१ डिसेंबर १८०३, स्टॉकपोर्ट, इंग्लंड, मृत्यू : २२ जानेवारी १८८७, माँटे कार्लो) हे ब्रिटिश अभियंता, यंत्रनिर्माते, संशोधक आणि दानशूर उद्योजक होते. स्क्रूच्या आट्यांचे प्रमाणीकरण आणि अतिसूक्ष्म मापनाची यंत्रे यांसाठी ते प्रामुख्याने ओळखले जातात. ठासणीच्या रायफलीत गोळी, नळी आणि नळीतील पीळ यांचा परस्परसंबंध त्यांनी पद्धतशीर चाचण्यांनी शोधला. या प्रयोगांतून निर्माण झालेली षट्कोनी नळीची ‘व्हिटवर्थ रायफल’ त्या काळातील सर्वाधिक अचूक रायफलींपैकी एक मानली जाते. ब्रिटिश सैन्याने मात्र ती सर्वसाधारण वापरासाठी स्वीकारली नाही.

बालपण आणि उमेदवारी

व्हिटवर्थ यांचे वडील चार्ल्स व्हिटवर्थ हे शाळामास्तर व धर्मोपदेशक होते. वयाच्या चौदाव्या वर्षी जोसेफ यांना डर्बीशायरमध्ये सूतगिरणी चालवणाऱ्या मामांकडे कामास ठेवण्यात आले. तेथील व्यवसायापेक्षा यंत्रांचीच ओढ अधिक असल्याने काही वर्षांनी ते मँचेस्टरला निघून गेले व यंत्रकारागीर म्हणून काम करू लागले. इ.स. १८२५ मध्ये त्यांचा फॅनी अँकर्स यांच्याशी विवाह झाला. त्याच वर्षी लंडनला जाऊन ते हेन्री मॉडस्ले यांच्या सुप्रसिद्ध कारखान्यात रुजू झाले. पुढे त्यांनी जोसेफ क्लेमंट यांच्याकडेही काम केले. चार्ल्स बॅबेज यांच्या गणनयंत्राचे भाग तेथे तयार होत असत.

अचूकतेचा ध्यास

इ.स. १८३३ मध्ये व्हिटवर्थ यांनी मँचेस्टर येथे स्वतःचा यंत्रनिर्मितीचा व्यवसाय सुरू केला. तीन धातूचे पृष्ठभाग आलटूनपालटून एकमेकांशी ताडून पाहत व उंचवटे खरवडत पूर्णतः सपाट पृष्ठभाग मिळवण्याची पद्धत त्यांनी प्रचारात आणली. इ.स. १८४१ मध्ये त्यांनी निरनिराळ्या कारखान्यांतील स्क्रू गोळा करून, त्यांच्या मापांचा अभ्यास करून ५५ अंशांच्या कोनाचे प्रमाणित आटे सुचवले. तोवर एका कारखान्याचा बोल्ट दुसऱ्याच्या नटात बसेलच याची शाश्वती नसे. इ.स. १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनात त्यांनी इंचाच्या दहा लाखाव्या भागापर्यंतचा फरक दाखवणारे मापनयंत्र मांडले होते.

रायफलीकडे वळण

इ.स. १८५४ मध्ये क्रिमियन युद्धामुळे ब्रिटिश सैन्याला मोठ्या संख्येने एनफिल्ड रायफली हव्या होत्या. त्या बनवण्यासाठी यंत्रे तयार करावीत, अशी विचारणा सरकारने व्हिटवर्थ यांच्याकडे केली. नळीचा व्यास, खाचांचा आकार आणि पिळाचे प्रमाण अमुकच का असावे, याचे प्रयोगसिद्ध उत्तर उपलब्ध नसल्याचे त्यांना आढळले. उत्तम रायफल कशी असावी हेच निश्चित झालेले नसताना ती बनवण्याची यंत्रे करणे त्यांना योग्य वाटले नाही. त्यांनी आधी प्रयोग करू देण्याची मागणी केली. तत्कालीन सरसेनापती लॉर्ड हार्डिंज यांनी त्यांना पाठिंबा दिला. हार्डिंज हे इ.स. १८४४ ते १८४८ या काळात भारताचे गव्हर्नर जनरल होते.

रशोम येथील चाचण्या

मँचेस्टरजवळ रशोम येथे सरकारी खर्चाने ५०० यार्ड (सुमारे ४५७ मीटर) लांबीची बंदिस्त चाचणीशाळा उभारण्यात आली. पहिले बांधकाम वादळात कोसळल्यामुळे ते पुन्हा करावे लागले. उघड्या मैदानावर वाऱ्यामुळे गोळी बाजूला सरकते, त्यामुळे चुकलेला नेम वाऱ्याचा, नेमबाजाचा की गोळीचा हे ठरवता येत नाही. बंदिस्त चाचणीशाळेमुळे वाऱ्याचा प्रश्न उरला नाही.

गोळीच्या मार्गात ठराविक अंतरांवर अतिशय पातळ कागदाचे पडदे लावले जात. प्रत्येक पडद्यावरील छिद्राच्या जागेवरून गोळीचा मार्ग आखता येई आणि छिद्राच्या आकारावरून तिची स्थिती कळे. छिद्र वर्तुळाकार असल्यास गोळी टोकाच्या दिशेने सरळ जात आहे आणि लांबट असल्यास ती हवेत कलंडत आहे, असा त्याचा अर्थ होता.

ठासणीच्या बंदुकीत आधी दारू ओतून त्यावर गोळी गजाने नळीच्या तोंडातून खाली सारावी लागते. गोळी सैल असेल तर ती सहज उतरते, परंतु उडताना तिच्या बाजूने वायू निसटतो व खाचांची पकड बसत नाही. ती घट्ट असेल तर पकड चांगली मिळते, पण ठासणे कठीण होते. मिनिए पद्धतीच्या गोळीचा तळ पोकळ ठेवून हा पेच सोडवलेला होता. दारूच्या स्फोटाने असा तळ फुगून खाचांत बसे. एनफिल्ड रायफल याच तत्त्वावर आधारलेली होती. तिच्या नळीचा व्यास ०.५७७ इंच असून पीळ ७८ इंचांत एक वेढा इतका मंद होता.

व्हिटवर्थ यांनी ६० इंचांत एक वेढा येथपासून थेट एका इंचात एक वेढा येथपर्यंतच्या निरनिराळ्या पिळांच्या नळ्या तपासल्या. गोळी जितकी लांब, तितकी ती हवेत स्थिर ठेवण्यासाठी अधिक वेगाने फिरवावी लागते, हे या चाचण्यांतून ठळकपणे दिसून आले. त्यांनी गोळीचे वजन एनफिल्डच्या गोळीइतकेच, म्हणजे ५३० ग्रेन (सुमारे ३४ ग्रॅम) ठेवले. मात्र व्यास सुमारे ०.४५ इंचापर्यंत कमी केला. त्यामुळे गोळी व्यासाच्या सुमारे तिप्पट लांब झाली. तेच वजन सडपातळ आकारात आल्याने हवेचा अडथळा कमी झाला व गोळीचा वेग दूरवर टिकू लागला. तिच्यासाठी २० इंचांत एक वेढा हा पीळ त्यांनी निश्चित केला.

इतक्या तीव्र पिळात मऊ शिशाची गोळी उथळ खाचांतून घसरण्याचा धोका असतो. त्यामुळे व्हिटवर्थ यांनी खाचांऐवजी संपूर्ण नळीच पीळदार षट्कोनी केली व गोळीलाही तिच्याशी तंतोतंत जुळणारा षट्कोनी आकार दिला. बहुकोनी नळीची कल्पना त्यांच्याआधीही आजमावली गेली होती, परंतु आवश्यक सूक्ष्मतेने अशी नळी घडवण्याची यंत्रसामग्री त्यांच्याकडे होती. कथील मिसळून कठीण केलेल्या शिशाच्या गोळ्याही या नळीतून डागता येत. मऊ शिशाची साधी दंडगोलाकार गोळीसुद्धा स्फोटाच्या धक्क्याने फुगून षट्कोनी आकार घेते, असेही दिसून आले. पुढे अनेक नेमबाजांनी अशाच गोळ्या वापरल्या.

हाइद येथील तुलना

एप्रिल १८५७ मध्ये केंट परगण्यातील हाइद येथील सैनिकी नेमबाजी विद्यालयात एनफिल्ड आणि व्हिटवर्थ रायफलींची जाहीर तुलना झाली. अशा चाचणीत एखादी गोळी मध्यभागी लागली यावरून निष्कर्ष काढत नाहीत. अनेक गोळ्यांच्या खुणांचा मध्यबिंदू काढून त्यापासून प्रत्येक खुणेचे अंतर मोजतात व त्यांची सरासरी घेतात. सर्व गोळ्या एकाच बाजूला सरकल्या असतील तर माशी व दर्शक हलवून दोष दूर करता येतो. त्या विखुरल्या असतील, तर दोष गोळीत, नळीत किंवा भरण्याच्या पद्धतीत शोधावा लागतो.

५०० यार्डांवर एनफिल्डचे सरासरी विचलन २.२४ फूट, तर व्हिटवर्थचे केवळ ०.३७ फूट (सुमारे साडेचार इंच) भरले. १,४०० यार्डांवर एनफिल्डची नोंद घेणे शक्य झाले नाही. व्हिटवर्थचे विचलन तेथे ४.६२ फूट होते.

सैन्याचा नकार

निकाल इतका स्पष्ट असूनही सैन्याने एनफिल्डच कायम ठेवली. काळी दारू जळल्यावर नळीत कठीण काजळी साचते. घट्ट बसणाऱ्या गोळीला अशा अरुंद नळीत थोड्याशा काजळीचाही अडथळा होई. चाचणीत नळी वारंवार पुसता येते; लढाईत सैनिकाला तेवढी उसंत नसते. शिवाय या रायफलीची किंमत एनफिल्डच्या कित्येक पट होती. इ.स. १८६० च्या दशकात काही पलटणींना ती चाचणीसाठी देण्यात आली, पण सार्वत्रिक वापर झाला नाही. मात्र इ.स. १८७१ मध्ये सैन्याने स्वीकारलेल्या, मागून भरण्याच्या मार्टिनी-हेन्री रायफलीत ०.४५ इंच व्यास आणि २२ इंचांत एक वेढा ही व्हिटवर्थ यांच्या निष्कर्षांजवळची मापेच होती.

२ जुलै १८६० रोजी विम्बल्डन येथे राष्ट्रीय रायफल संघटनेच्या पहिल्या स्पर्धेचे उद्घाटन राणी व्हिक्टोरिया यांनी व्हिटवर्थ रायफलीने केले. आधारावर पक्की बसवलेल्या रायफलीची दोरी राणीने ओढली आणि ४०० यार्डांवरील लक्ष्याच्या केंद्रापासून सुमारे दीड इंचावर गोळी लागली. या स्पर्धेतील पहिले ‘क्वीन्स प्राइझ’ एडवर्ड रॉस यांनी याच रायफलीने जिंकले. त्यांचे वडील होरेशिओ रॉस हे स्कॉटलंडमधील नामवंत शिकारी होते.

अमेरिकन यादवी युद्धात दक्षिणेकडील राज्यांनी अशा काही रायफली मिळवून निवडक नेमबाजांना दिल्या. ९ मे १८६४ रोजी स्पॉटसिल्व्हेनिया येथे उत्तरेच्या सैन्यातील जनरल जॉन सेजविक यांचा मृत्यू व्हिटवर्थ रायफलीच्या गोळीने झाल्याचे मानले जाते.

शिकारी रायफल

व्हिटवर्थ यांच्या कारखान्याने शिकारीसाठीही एकनळी व दुनळी रायफली बनवल्या. स्कॉटलंडच्या उघड्या डोंगरउतारांवर हरणाची शिकार लांबून करावी लागे, तेथे सडपातळ गोळीची अचूकता उपयोगी होती. भारतातील घनदाट जंगलात परिस्थिती निराळी होती. नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात सेवा केलेल्या कॅप्टन जेम्स फॉर्सिथ यांनी शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्यांवरील ग्रंथात मोठ्या व्यासाची गोल गोळी, भरपूर दारू आणि अतिशय मंद पीळ यांचा पुरस्कार केला. या ग्रंथाची दुसरी आवृत्ती इ.स. १८६७ मध्ये निघाली. जवळून समोर येणाऱ्या मोठ्या जनावरासाठी दूरच्या अचूकतेपेक्षा तात्काळ आघात त्यांना महत्त्वाचा वाटत होता. गोल गोळीला स्थिर राहण्यासाठी मंद पीळ पुरतो. तीव्र पीळ व जास्त दारू एकत्र आल्यास ती खाचांतून घसरते. दोघांची अनुमाने परस्परविरुद्ध वाटली, तरी गोळीच्या आकारानुसार पीळ ठरवावा याबाबत त्यांच्यात अंतर नव्हते.

भारताशी संबंध

हाइद येथे चाचण्या होत होत्या त्याच सुमारास भारतात एनफिल्ड रायफलीच्या काडतुसांवरून असंतोष पेटला होता. २९ मार्च १८५७ रोजी बराकपूर येथे मंगल पांडे यांनी शस्त्र उचलले आणि १० मे रोजी मीरत येथे उठाव झाला. कागदी काडतुसाला चरबी लावण्याचे कारण यांत्रिक होते. काजळी साचलेल्या नळीत गोळी सहज उतरावी, यासाठी वंगण लागे. व्हिटवर्थ रायफलीला सर्वाधिक त्रासही काजळीचाच झाला.

मेट्रिक पद्धत रुळण्यापूर्वी भारतातील कारखान्यांत व्हिटवर्थ यांचेच आटे प्रचलित होते. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत, या हिशेबाने बोल्ट मागण्याची रीत महाराष्ट्रातील यंत्रकारागिरांमध्ये पुढेही टिकून राहिली.

उत्तरायुष्य आणि निधन

व्हिटवर्थ यांनी पुढे तोफांची निर्मिती केली. या क्षेत्रात विल्यम आर्मस्ट्राँग हे त्यांचे प्रतिस्पर्धी होते. वितळलेल्या पोलादावर प्रचंड दाब देऊन ते निर्दोष करण्याची पद्धतही त्यांनी विकसित केली. इ.स. १८६८ मध्ये त्यांनी होतकरू अभियंत्यांसाठी एक लाख पौंडांच्या देणगीतून शिष्यवृत्त्या सुरू केल्या. कारागिरी आणि शास्त्रीय ज्ञान ही दोन्ही अंगे असलेले तरुण घडावेत, हा त्यांमागील हेतू होता. इ.स. १८६९ मध्ये त्यांना बॅरोनेट हा किताब मिळाला. पहिल्या पत्नीच्या निधनानंतर त्यांनी इ.स. १८७१ मध्ये मेरी लुईझा ऑरेल यांच्याशी विवाह केला. त्यांना अपत्य नव्हते.

२२ जानेवारी १८८७ रोजी माँटे कार्लो येथे त्यांचे निधन झाले. डर्बीशायरमधील डार्ली डेल येथे त्यांचे दफन करण्यात आले. त्यांच्या संपत्तीचा मोठा भाग शिक्षण, रुग्णालये व लोकोपयोगी संस्थांसाठी खर्च झाला. मँचेस्टरमधील व्हिटवर्थ कलादालन व व्हिटवर्थ उद्यान ही त्यांची स्मारके होत. इ.स. १८९७ मध्ये त्यांची कंपनी आर्मस्ट्राँग यांच्या कंपनीत विलीन होऊन ‘आर्मस्ट्राँग व्हिटवर्थ’ ही कंपनी अस्तित्वात आली.