रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड वेर्नर

खडीसाखरेच्या खड्यातील कण शिस्तीने रांगा धरून बसलेले असतात. खिडकीच्या काचेतील कणांस तशी दूरवरची शिस्त नसते. हे दोन स्वभाव एकाच पदार्थात नांदविण्याचे काम अलीकडे रसायनशास्त्रज्ञांनी साधले आहे. धातूचे अणू व सेंद्रिय रेणू यांच्या जाळीदार सांगाड्यांपासून हे पदार्थ होतात. परंतु धातूचा अणू आपल्याभोवती शेजारी कसे बसवितो हे ज्यांनी प्रथम ओळखले, त्या आल्फ्रेड वेर्नर यांचे चरित्र आम्ही वाचकांस आधी सादर करतो.

वेर्नर यांचा जन्म अल्सास प्रांतातील म्युलूझ येथे १२ डिसेंबर १८६६ रोजी झाला. ते चार वर्षांचे असतानाच, १८७१ साली, हा प्रांत फ्रान्सकडून जर्मनीकडे गेला. तथापि घरची भाषा फ्रेंचच राहिली. लहानपणापासून त्यांस घरी प्रयोग करण्याचा छंद होता. पुढे ते झुरिच येथे शिकावयास गेले व १८९० साली हान्च या गुरूंच्या हाताखाली डॉक्टर झाले.

त्या काळी रसायनशास्त्रात एक कोडे होते. कोबाल्ट क्लोराइडाच्या प्रत्येक रेणूत क्लोरिनचे तीन अणू. त्याचा अमोनियाशी संयोग झाला म्हणजे निरनिराळ्या रंगांचे क्षार होतात : सहा अमोनियांचा पिवळा, पाचांचा जांभळा, चारांचा हिरवा. या क्षारांच्या द्रावणात सिल्व्हर नायट्रेट घातले असता पिवळ्यातील तिन्ही क्लोरिन साक्याच्या रूपाने खाली बसतात, जांभळ्यातील दोन व हिरव्यातील एकच. असे का व्हावे? कोपनहेगनचे थोर संशोधक यॉर्गेन्सेन यांचे मत असे की, अमोनियाचे रेणू साखळीसारखे एकापुढे एक जोडलेले असतात.

वेर्नर एकदा पहाटे दोन वाजता जागे झाले, तो उत्तर मनात तयार होते, असे सांगतात. १८९३ साली, वयाच्या अवघ्या सव्विसाव्या वर्षी, त्यांनी ते प्रसिद्ध केले. कोबाल्टच्या भोवती जणू पंगतीचे सहा पाट मांडलेले असतात. अमोनियाचा एक रेणू उठून गेला की त्याच्या पाटावर क्लोरिन बसतो आणि मग तो सहजासहजी सुटत नाही. हे सहा पाट वर, खाली व चार बाजूंस, म्हणजे अष्टफलकाच्या सहा कोपऱ्यांवर असतात.

कल्पना सुंदर होती. पुरावा मात्र अपुरा होता. ती खरी असेल तर चार अमोनिया व दोन क्लोरिन असलेल्या क्षाराचे दोन प्रकार निघाले पाहिजेत : क्लोरिन समोरासमोर असलेला व शेजारी शेजारी असलेला. हिरवा ठाऊक होता. दुसरा कोठे होता? यॉर्गेन्सेन यांनी हीच उणीव दाखविली. वेर्नर यांनी चौदा वर्षे चिकाटी धरली आणि १९०७ साली तो दुसरा, जांभळ्या रंगाचा क्षार सिद्ध केला. तेव्हा यॉर्गेन्सेन यांनी मोठ्या मनाने आपला पक्ष सोडला. विशेष हे की, त्यांनीच वर्षानुवर्षे काळजीपूर्वक केलेल्या प्रयोगांच्या आधारावर वेर्नर यांचा सिद्धान्त उभा होता.

१९११ साली वेर्नर यांनी डाव्या-उजव्या हातांप्रमाणे परस्परांची प्रतिबिंबे असणारे कोबाल्टचे क्षार वेगळे केले. १९१३ साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. पण प्रकृती ढासळत गेली, आणि १५ नोव्हेंबर १९१९ रोजी, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, झुरिच येथे त्यांचा अंत झाला.

आता आरंभीच्या पदार्थांकडे वळू. धातु-सेंद्रिय सांगाड्यांच्या शोधाबद्दल कितागावा, रॉबसन व याघी यांस २०२५ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. अशा एका सांगाड्यात ॲल्युमिनियमभोवती सहा शेजारी असतात. त्याची छिद्रे तापविले असता उघडतात व थंड झाल्यावर मिटतात. दुसऱ्यात जस्ताभोवती चारच शेजारी असतात. तो वितळवून थंड केला की काच बनतो. २०१९ साली पहिल्याचे स्फटिक दुसऱ्याच्या काचेत बसविण्यात आले, तेव्हा छिद्रे थंडीतही उघडी राहिली. उघड्या छिद्रांत वायू साठतो, म्हणून याचे महत्त्व. त्या सहा व चार आकड्यांत वेर्नर यांचीच दृष्टी आहे.

आमच्या विद्यार्थ्यांनी या चरित्रातून दोन गोष्टी घ्याव्या : आपले म्हणणे खरे वाटले तरी पुराव्यासाठी कष्ट करण्याचा धीर, आणि प्रतिपक्षाचे म्हणणे खरे ठरल्यास ते मान्य करण्याचा मोठेपणा. वेर्नर यांस पहिली गोष्ट साधली, यॉर्गेन्सेन यांस दुसरी. आणि विद्येची वाढ दोघांमुळेही झाली.